‘पाहिजे’ची पाटी लावण्याआधी : लहान ऑफिसातली रिक्रूटमेंट, क्रमाने

गेल्या पावसाळ्यात मरोळच्या एका गाळ्यातून फोन आला. “मॅडम, आमची रिक्रूटमेंट झाली. फक्त माणूस यायचा बाकी आहे.” नक्की काय झालं, असं विचारलं. शुक्रवारी संध्याकाळी एका मुलाशी वीसेक मिनिटं गप्पा झाल्या होत्या, ‘सोमवारपासून ये’ असं सांगून झालं होतं, आणि उरलेल्या पाच जणांना ‘जागा भरली’ असा व्हॉट्सॲप गेला होता. सोमवार गेला, मंगळवार गेला, मुलगा काही उगवला नाही. त्या पाचांतले दोघं तोवर दुसरीकडे लागले होते.

अंधेरी ते भांडुप या पट्ट्यातल्या चार-पाच लहान ऑफिसांची भरती मी सांभाळते. हीच चूक वेगवेगळ्या वेशात सारखी भेटते. रिक्रूटमेंट हा शब्द ‘इंटरव्ह्यू’ या अर्थाने वापरला जातो, आणि मग इंटरव्ह्यूच्या आधीचं आणि नंतरचं काम कुणाच्याच अंगावर पडत नाही. खालचा क्रम पाच ते पन्नास माणसांच्या ऑफिसासाठी आहे. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी वेगळं खातं असतं, त्यांना याची गरज नाही.

आधी शब्द नीट लावून घ्या

रिक्रूटमेंट म्हणजे भरती : जागा ठरवायची, ती जाहीर करायची, योग्य माणसांचे अर्ज मिळवायचे. सिलेक्शन म्हणजे आलेल्यांतून निवड. अपॉइंटमेंट म्हणजे नेमणूक, सरकारी भाषेत नियुक्ती. जॉइनिंग म्हणजे रुजू होणं. कन्फर्मेशन म्हणजे कायम करणं. बोलताना या सगळ्या साखळीलाच आपण रिक्रूटमेंट म्हणतो, त्याला हरकत नाही. पण आपण साखळीच्या कुठल्या कडीवर उभे आहोत, हे स्वतःला माहीत हवं.

हा फरक किती खरा आहे ते स्पर्धा परीक्षा देणाऱ्या कुणालाही विचारा. एमपीएससी उमेदवाराची शिफारस करते, नियुक्ती सरकार देतं. निकालात नाव आलं, पेढे वाटून झाले, तरी नियुक्तीपत्र हातात पडेपर्यंत तो उमेदवार ‘शिफारसपात्र’च असतो, कर्मचारी नसतो. तुमच्या गाळ्यातही तसंच आहे : निवडलेला माणूस अजून तुमचा माणूस झालेला नसतो.

वापरातल्या काही गफलती :

‘आमच्याकडे दोन रिक्रूटमेंट आहेत’ असं म्हणतात तेव्हा म्हणायचं असतं, दोन जागा आहेत. त्यासाठी व्हेकन्सी हा शब्द आहे, आणि ‘जागा’ त्याहून बरा.

‘रिक्रूटमेंट निघाली’ हे सरकारी भरतीच्या जाहिरातीबद्दल चालतं. खासगी ऑफिसात निघते ती जाहिरात.

हायरिंग हा त्याच अर्थाचा बोलीतला शब्द. स्टाफिंग मात्र वेगळं. स्टाफिंग कंपनीकडून माणूस घेतला की काम तो तुमच्याकडे करतो आणि पगारपत्रक दुसऱ्याचं असतं. सिक्युरिटी आणि हाउसकीपिंग बहुतेक ठिकाणी असंच चालतं. प्लेसमेंट हा कॉलेजच्या बाजूचा शब्द, मुलांना नोकरीला लावून देणं. आणि रिक्रूटर म्हणजे भरती करणारा. नुसतं ‘रिक्रूट’ म्हटलं तर तो नवा भरती झालेला, जसा पोलिस प्रशिक्षण केंद्रात असतो. बायोडेटात ‘मी दोन वर्षं रिक्रूट होते’ असं लिहिणाऱ्या मुलीला आधीच्या ऑफिसात भरतीचं काम होतं असं सांगायचं असतं, वाचणारा भलतंच समजतो.

थांबा : फोनवर ‘तुमचं सिलेक्शन झालं’ हे वाक्य पगार आणि तारीख लेखी ठरल्याशिवाय उच्चारू नका. ऐकणारा त्याचा अर्थ ‘नोकरी लागली’ असाच घेतो, आणि घेणारच.

पायरी १ : जागा कागदावर उतरवा

माणूस सोडून चालला की पहिली प्रतिक्रिया असते, ‘त्याच्यासारखाच एक बघा.’ त्याच्यासारखा म्हणजे कसा, हे मालकालाही धड सांगता येत नाही. म्हणून जाणाऱ्याच्या शेजारी एक दिवस बसायचं. फार कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त फायदा याच दिवसाने होतो.

पॅकेजिंगच्या एका गाळ्यात डिस्पॅचचे काका निवृत्त होणार होते. मालकाने सांगितलेलं काम : बिलं करणं आणि माल पाठवणं. मी सकाळी साडेनऊला खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. अकरापर्यंत त्यांनी एकही बिल केलं नाही. भिवंडीच्या तीन ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन झाले, एका ड्रायव्हरला साकीनाक्याची कोंडी टाळायचा रस्ता समजावून झाला, आणि टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने लावलेल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहून झालं. तो पुठ्ठा म्हणजे त्यांचं रजिस्टर : कुठल्या गिऱ्हाइकाला दुपारी दोननंतर माल चालत नाही, कुठे गोणी उतरवायला हमाल आपला न्यावा लागतो. संगणकात यातलं काहीच नव्हतं. बिलिंग येणारी बी.कॉम. मुलगी किंवा मुलगा घेतला असता तर पहिल्याच आठवड्यात गाड्या दारात उभ्या राहिल्या असत्या.

कागदावर तीन रकाने पाडा : रोजचं काम, आठवड्याचं, महिन्याचं. शेवटच्या रकान्यात जीएसटीच्या तारखा, स्टॉक मोजणी अशी विसरली जाणारी कामं येतात. मग प्रत्येक कामापुढे एक खूण करा : हे आधीपासून यायलाच हवं, की आपण महिनाभरात शिकवू शकतो? ‘यायलाच हवं’च्या खुणा पाचाच्या वर गेल्या तर तुम्ही दोन माणसांचं काम एकाच्या पगारात मागताय.

तपासून पाहा : हा कागद ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. ‘आणि ते अमुक कोण करणार?’ असा प्रश्न आला नाही, तर तो नीट वाचलेला नाही. परत द्या.

पायरी २ : पगाराचे तीन आकडे आणि एक मोजणी

पगार ‘बघू’ म्हणून जाहिरात देणं ही दुसरी मोठी चूक. आकडा एक नसतो, तीन असतात : एकूण पगार, हातात पडणारा पगार आणि तुम्हाला पडणारा खर्च. उमेदवार हातातला आकडा बोलतो, तुम्ही एकूण बोलता, तुमचा सीए खर्च बोलतो. तिघंही ‘बावीस हजार’च म्हणतात आणि पहिल्या पगाराच्या दिवशी भांडण होतं.

उदाहरण घेऊ. एकूण पगार ₹२२,०००, त्यात मूळ पगार ₹१५,०००, आणि ऑफिसला पीएफ लागू आहे. कर्मचाऱ्याच्या वाट्याचा पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के, म्हणजे ₹१,८००. महाराष्ट्राचा व्यवसाय कर ₹२००, फेब्रुवारीत ₹३००. हातात येतात ₹२०,०००. उमेदवार स्त्री असेल तर दरमहा ₹२५,००० पर्यंतच्या पगारावर एप्रिल २०२३ पासून व्यवसाय कर नाही, म्हणून तिच्या हातात ₹२०,२००. मालकाच्या बाजूने पीएफ, विमा आणि प्रशासकीय आकार मिळून मूळ पगाराच्या १३ टक्के, म्हणजे ₹१,९५०. तुमचा खर्च झाला ₹२३,९५०, आणि दिवाळीचा बोनस अजून बाहेरच आहे.

ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू असलेल्या ऑफिसात ₹२१,००० ची रेघ लक्षात ठेवा. त्या मर्यादेतल्या पगारावर मालकाकडून ३.२५ टक्के आणि कर्मचाऱ्याकडून ०.७५ टक्के जातात, त्याबदल्यात घरच्यांसकट दवाखान्याची सोय होते. काही मालक ही रेघ चुकवायला पगार ₹२१,१०० करतात. मला तो हिशोब कधीच पटला नाही. घरात म्हातारे आईवडील असलेल्या उमेदवाराला विचारून पाहा, त्याला शंभर रुपये हवेत की ईएसआयसीचं कार्ड.

आता मोजणी : हा तुमच्याकडचा कितवा माणूस? हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नाही. दहावा माणूस आला की लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावी लागते. विसावा आला की पीएफ लागू होतो. गुमास्त्याच्या, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालच्या, नोंदीत दाखवलेली संख्याही तपासून घ्या. अकरावा-एकविसावा माणूस घेऊन झाल्यावर सीएला सांगितलं, तर तो जे ऐकवतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

थांबा : पगाराचा वरचा आकडा मालकाकडून आधी लिहून घ्या. नुसतं तोंडी ठेवलं तर आवडलेल्या उमेदवारासमोर तो वाढतो आणि न आवडलेल्यासमोर घटतो. मग आधीपासून काम करणाऱ्या माणसाला कळतं, की नव्याला आपल्यापेक्षा दोन हजार जास्त आहेत.

पायरी ३ : मुंबईचं पंचांग

रुजू होण्याची तारीख गणपतीच्या आठवड्यात ठेवू नका. कोकणातला माणूस येणार नाही, आणि आला तर दुसऱ्याच दिवशी रजा मागेल. दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांत चांगला माणूस जागचा हलत नाही, कारण बोनस सोडून कोण येतं? तेव्हा जाहिरात द्यायचीच असेल तर ‘दिवाळीनंतर रुजू’ असं लिहा, प्रतिसाद एकदम सुधारतो. मे महिन्यात गाव. जुलैत मुलाखत ठेवली तर एक राखीव तारीख हाताशी असू द्या. रविवारी बोलवणार असाल तर मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघून वेळ द्या, नाहीतर उमेदवार तासभर उशिरा येईल आणि तुम्ही त्याला बेशिस्त ठरवाल.

नोटीस पिरियड धरूनच उलटं मोजा. महिन्याची नोटीस, त्याआधी दोन आठवडे शोध, एक आठवडा मुलाखती. म्हणजे एक तारखेला माणूस हवा असेल तर दीड-पावणेदोन महिने आधी सुरुवात.

पायरी ४ : जाहिरात

माझ्याकडे येणारे मसुदे साधारण असे असतात :

‘पाहिजे : ऑफिससाठी स्मार्ट, होतकरू मुलगी. कॉम्प्युटरचं ज्ञान आवश्यक. पगार योग्यतेनुसार. त्वरित संपर्क.’

चार वाक्यं, चार चुका. ‘मुलगी’ लिहिणं कायद्यातच बसत नाही, भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतनाच्या कायद्यानेच मनाई केली होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. ‘स्मार्ट’ म्हणजे काय ते देव जाणे. ‘कॉम्प्युटरचं ज्ञान’ आजकाल प्रत्येकाला असतं, टॅली येतं का ते विचारा. आणि ‘योग्यतेनुसार’ वाचून योग्य माणूस पुढची जाहिरात बघायला लागतो. तो आपली योग्यता तुमच्याकडून मोजून घ्यायला येत नाही.

हाच मसुदा पहिल्या पायरीचा कागद समोर ठेवून पुन्हा लिहिला :

‘पाहिजे : बिलिंग व डिस्पॅच सहायक, १ जागा. ठिकाण : मरोळ, मरोळ नाका मेट्रो स्टेशनपासून चालत १० मिनिटं. वेळ : सकाळी ९.३० ते सायंकाळी ६.३०, रविवारी सुट्टी. काम : टॅलीत रोज ३०-४० बिलं, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टवाल्यांशी मराठी-हिंदीत फोन. अनुभव : बिलिंगचा किमान १ वर्ष. पगार : ₹२०,००० ते ₹२२,०००, कपातीपूर्वी. बायोडेटा फक्त व्हॉट्सॲपवर, १५ तारखेपर्यंत. निवडीसाठी कोणतीही फी घेतली जात नाही.’

लांब झाली, होऊ द्या. अर्ज साठऐवजी वीस येतील, पण त्या विसांतले दहा तरी कामाचे असतील. शेवटचं फीचं वाक्य मी मुद्दाम घालते. नोकरीच्या नावाखाली ‘रजिस्ट्रेशन’चे पाचशे-हजार उकळणारे या शहरात कमी नाहीत, आणि ज्याला एकदा तसा अनुभव आलाय तो अशा वाक्याशिवाय फोन करायला कचरतो.

तपासून पाहा : जाहिरातीत ठिकाण, वेळ, सुट्टी, पगार आणि शेवटची तारीख, पाचही आहेत? एकही गाळलं तर दिवसभर तोच प्रश्न फोनवर ऐकाल. आणि नंबर मालकाचा देऊ नका. मालक गाडी चालवताना ‘हां, पाठव पाठव’ म्हणतो आणि विसरतो.

पायरी ५ : माणसं कुठे शोधायची

ओळखीतून पहिल्यांदा. इंडस्ट्रियल इस्टेटीतला चहावाला, शेजारच्या गाळ्यातला सुपरवायझर, आपलेच कर्मचारी. ओळखीचा माणूस टिकतो, कारण त्याला आणणाऱ्याची अब्रू पणाला लागलेली असते. पण ओळखीने अर्ज येतो, निवड होत नाही, हे आणणाऱ्याला आधीच सांगा. एकाच गावचे पाच जण झाले की एका लग्नाला सगळं खातं रिकामं होतं.

मशीनवरच्या कामासाठी जवळच्या आयटीआयला भेटा. राज्य सरकारचं महास्वयम् पोर्टल आहे, तिथे जागा टाकायला पैसे पडत नाहीत. नोकरीची ॲप्स आहेतच, त्यांवर अर्जांचा पूर येतो, म्हणून चाळण्याची तयारी ठेवा.

कन्सल्टन्सीकडे जाणार असाल तर दर आधी लेखी घ्या. वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे बरोबर एक महिन्याचा पगार, हा ऐकू येणारा नेहमीचा आकडा. त्यापेक्षा महत्त्वाची अट दुसरी : माणूस तीन महिन्यांच्या आत सोडून गेला तर बदली माणूस फुकट देणार का? आणि फी मालकाने द्यायची असते. उमेदवाराकडूनही घेणारी कन्सल्टन्सी असेल तर फोन ठेवून द्या.

पायरी ६ : फोनवरची चाळणी

ही पायरी गाळून थेट मुलाखतीला बोलावणारे दोघांचाही दिवस घालवतात. सात मिनिटांचा फोन, चार प्रश्न : सध्या कुठे आहात आणि का सोडताय? नोटीस किती? आत्ता हातात किती पडतात आणि किती हवेत? राहता कुठे आणि कसे याल?

शेवटचा प्रश्न मी सर्वात आधी विचारते. डोंबिवलीहून मरोळला येणारा घाटकोपरला उतरून मेट्रो पकडेल, वसईवाला अंधेरीहून. दोन्ही जमण्यासारखं आहे. पण कसाऱ्याहून येतो म्हणणाऱ्याला ‘रोज जमेल?’ असं विचारलं तर तो ‘जमेल’च म्हणणार, नोकरी हवी असते त्याला. त्याऐवजी विचारा, ‘किती वाजताची गाडी पकडाल?’ ज्याने विचार केलाय तो गाडीची वेळ सांगतो. ज्याने केला नाही तो गप्प होतो, आणि ती शांतता पुरेशी आहे.

‘बघून सांगतो’ हे मुंबईत ‘नाही’ असतं. त्यावर दिवस काढू नका.

पायरी ७ : मुलाखत, आणि थोडं काम करून घेणं

सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, एकाच छापील कागदावर. गुण तिथल्या तिथे द्या. संध्याकाळी आठवून दिलेले गुण शेवटच्या उमेदवाराला फार उदार असतात.

लग्न कधी करणार, मुलं किती, सासरी चालेल का, हे विचारू नका. उशिरापर्यंत थांबावं लागणार असेल तर तेवढंच सांगा : ‘महिनाअखेरीला तीन दिवस साडेआठ होतात, चालेल का?’ हा प्रश्न पुरुषालाही विचारायचा.

गप्पांपेक्षा अर्ध्या तासाचं काम जास्त सांगून जातं. बिलिंगच्या जागेसाठी मी दहा जुन्या बिलांचा गठ्ठा देते, गिऱ्हाइकांची नावं आणि रकमा बदलून. त्यात एक बिल मुद्दाम चुकीचं असतं : माल सुरतला चाललाय, गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर २४ ने सुरू होतो, आणि कर लावलाय सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विक्रीचा. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, २४ गुजरातचा, म्हणजे इथे परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी हवा. गेल्या खेपेला सहा जणांपैकी चौघांनी बिल मुकाट टॅलीत चढवलं. पाचव्याने चूक दुरुस्त केली आणि काही बोलला नाही. सहावी मुलगी उठून माझ्याकडे आली, बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, हे असंच चढवू की आधी विचारायचं कुणाला?” टायपिंग तिचं सगळ्यांत हळू होतं. घेतली तिलाच. वेग महिनाभरात येतो, विचारायची सवय लावता येत नाही.

थांबा : चाचणीच्या नावाखाली खरं काम फुकट करून घेऊ नका. ‘दोन दिवस ट्रायलवर ये’ म्हणायचं असेल तर त्या दोन दिवसांचे पैसे द्या.

आधीच्या मालकाकडे चौकशी करायची असेल तर उमेदवाराला विचारूनच करा, आणि सध्याच्या मालकाकडे तर त्याने राजीनामा देईपर्यंत अजिबात नको. तुमच्या एका फोनने त्याची आहे ती नोकरी जाऊ शकते.

पायरी ८ : ऑफर, होकार, आणि दुसऱ्या नंबरचा उमेदवार

सर्वात जास्त घोटाळे इथे होतात. माझाही झालाय. काही वर्षांपूर्वी स्टोअर्सच्या जागेसाठी एकाला पसंत केलं, तो ‘नक्की येतो’ म्हणाला, आणि मी त्याच दिवशी दुसऱ्या नंबरच्या मुलाला नकार कळवून टाकला. चांगुलपणाच वाटला होता मला, उगाच कशाला लटकत ठेवायचं म्हणून. पहिल्याने राजीनामा दिला तेव्हा त्याच्या जुन्या मालकाने तीन हजार वाढवले आणि तो तिथेच राहिला. मी दुसऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, “आता कशाला? तुम्हीच नको म्हणालात ना.” बरोबर होतं त्याचं.

तेव्हापासूनचा क्रम :

१. फोनवर पगार आणि तारीख बोलायची, त्याच दिवशी ऑफर लेटर पाठवायचं. त्यात पद, एकूण पगार, हातात अंदाजे किती, ठिकाण, वेळ, रुजू होण्याची तारीख, आणि ‘हा प्रस्ताव अमुक तारखेपर्यंत’ ही ओळ.

२. होकार लेखी घ्यायचा. व्हॉट्सॲपवर ‘मान्य आहे’ चालतं, हसरा चेहरा चालत नाही.

३. तो राजीनामा देईल, त्याची पोच त्याच्या मालकाकडून मिळेल, तिची प्रत मागायची.

४. नोटिशीच्या महिन्यात दर आठवड्याला एक फोन. ‘सोमवारी मालक काय म्हणाले?’ एवढं विचारलं तरी आवाजावरून कळतं.

५. दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला खरं सांगायचं : ‘तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात, अमुक तारखेला पक्कं कळवते.’ बहुतेक लोक थांबतात. न थांबणाऱ्याला दोष देता येत नाही.

६. पहिला माणूस येऊन खुर्चीवर बसला, आठवडा काढला, मग उरलेल्यांना नकार. पण कळवायचाच. ज्यांच्याकडून काहीच कळलं नाही त्या ऑफिसांची नावं लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

ऑफर लेटर आणि नेमणूकपत्र एक नाही. पहिलं रुजू होण्याआधी जातं, दुसरं रुजू होताना हातात पडतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी नेमणूकपत्र सगळ्याच कामगारांसाठी सक्तीचं केलं आहे, त्यामुळे ‘आमच्याकडे असं कागदबिगद नसतं’ हे आता म्हणता येणार नाही.

पायरी ९ : पहिला दिवस

खुर्ची, संगणक, पासवर्ड आदल्या दिवशी तयार. जेवायला कुणाबरोबर बसायचं हेही ठरवून ठेवा. नवा माणूस एकटा डबा उघडून बसला की दुपारीच त्याच्या मनात जुनं ऑफिस यायला लागतं.

कागद : मूळ प्रमाणपत्रं बघून लगेच परत, प्रती ठेवायच्या. पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक, आधीचा यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) असेल तर तो, पीएफचा फॉर्म ११, आधीच्या ठिकाणचं रिलीव्हिंग लेटर. आधारची प्रत पहिले आठ आकडे झाकलेली पुरते, पूर्ण क्रमांक जिथे नोंदवावाच लागतो तेवढ्यापुरताच घ्या.

थांबा : मार्कशीट ‘माणूस पळून जाऊ नये म्हणून’ कपाटात ठेवून घेणारे अजूनही आहेत. तसं करू नका. जायचं असेल तो तरीही जातो, आणि प्रमाणपत्र हरवलं तर निस्तरायला तुम्हीच बसता.

पहिल्या पायरीचा तीन रकान्यांचा कागद आता त्याच्या हातात द्या. जुना माणूस अजून असेल तर निदान तीन दिवस दोघांना शेजारी बसवा. डिस्पॅचच्या काकांचा पुठ्ठा आम्ही असाच वाचवला. त्याचा फोटो काढला, नव्या मुलीने तो एक्सेलमध्ये उतरवला, आणि पुठ्ठा अजून टेबलाला तसाच चिकटलेला आहे.

पायरी १० : प्रोबेशन

नेमणूकपत्रात प्रोबेशन, म्हणजे कायम करण्याआधीचा कच्चा काळ, तीन महिने लिहिला असेल तर सातव्या दिवशी, तिसाव्या दिवशी आणि पंचाहत्तराव्या दिवशी बोलायचं. सातव्या दिवशी त्याला काय अडतंय ते. तिसाव्या दिवशी तुम्हाला काय अडतंय ते. पंचाहत्तराव्या दिवशी निर्णय, म्हणजे लेखी कळवायला पंधरा दिवस उरतात : कायम, मुदतवाढ कारणासह, किंवा सोडणं. तारीख उलटून गेली आणि कुणी काही बोललंच नाही, तर माणूस स्वतःला कायम समजतो आणि मालक त्याला कच्चा समजतो. वाद तिथूनच निघतो.

हे तिन्ही दिवस रुजू झाल्याच्या तारखेलाच फोनच्या कॅलेंडरवर टाका. चौथी नोंद नव्वदाव्या दिवसाची : कन्सल्टन्सीकडून माणूस घेतला असेल तर बदली माणूस फुकट मागायची मुदत त्या दिवशी संपते.